काच वर जाईना: जुन्या गाडीच्या चार खिडक्यांची दुरुस्ती

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी आईला घेऊन रत्नागिरीहून पालीकडे निघालो होतो. खिडकी उघडण्यासाठी तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि काचेचे हँडल काच जागची न हलता मुळापासून तुटून तिच्या हातात आले. आमची गाडी 1998 सालची आहे, तिच्यात वातानुकूलन नाही, आणि कोकणातल्या वैशाखात अशा गाडीत खिडकी हीच हवेची एकमेव सोय असते. हातखंब्याला थांबून मी हँडल ज्यावर बसते त्या दातेरी दांड्याला पक्कडीने पकडले आणि काच अर्धी उतरवली. परतताना ती पुन्हा वर करण्यासाठी मला गाडीबाहेर उभे राहून दोन्ही तळव्यांनी काच ढकलावी लागली आणि आतून आईने पक्कड फिरवली. गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे आढळले त्यात गाडीचा दोष फारसा नव्हता. सव्वीस-सत्तावीस वर्षांची धूळ, पाऊस आणि आमचे स्वतःचे उद्योग हीच त्यातली खरी कारणे होती.

काचा एका दिवसात जड झालेल्या नव्हत्या. त्या इतक्या सावकाश जड होत गेल्या की घरातल्या प्रत्येकाने नकळत स्वतःची युक्ती शोधून काढली होती. वडील असताना ते डाव्या हाताने काच दाबून धरत आणि उजव्याने हँडल फिरवत. मुलगी आधी काच थोडी वर करून मग खाली घेत असे. आईने तर मागच्या काही वर्षांत खिडकीला हात लावणेच सोडले होते. माझ्या बाजूच्या काचेचा वापर टोलनाक्यावर तरी होत असे. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि तोही थांबला. यंत्राला नियमित हालचाल नसली की ते आखडते हे माहीत असूनही, काच खाली करण्याची वेळ येत नाही याचे मला तेव्हा सुखच वाटले होते.

मधल्या काळात आम्ही उपाय केले नव्हते असे नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तक्रार सांगितल्यावर तिथल्या मुलाने काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरात इंजिन ऑइलची धार सोडली आणि काच चार वेळा वरखाली केली. ती लोण्यासारखी चालू लागली, म्हणून पुढे दर दिवाळीला तोच विधी मी घरी स्वतः करत राहिलो. त्यानंतर गंज सोडवणाऱ्या स्प्रेची पाळी आली. तो मारला की आठवडाभर बरे वाटे आणि नंतर काच पूर्वीपेक्षा अधिक घट्ट होई. हे दोन्ही उपाय रोग वाढवणारे होते, हे मला दार उघडल्यावरच कळले.

हँडल तुटल्यावर मी आमच्या आळीतल्या वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आता कामे घेणे जवळजवळ बंद केले आहे, पण सल्ला देण्याचा उत्साह कायम आहे. नवी मशीन आणून बसवावी का, असे मी विचारले. काच वरखाली करणाऱ्या सगळ्या यंत्रणेला आपल्याकडे सरसकट ‘मशीन’ म्हणतात. त्यावर ते म्हणाले, “अहो, मशीनला आधीच फाशी देऊ नका. काच मशीनपासून सोडवा. मग काच नुसती हाताने हलवून बघा आणि मशीन नुसती फिरवून बघा. दोघांत भांडखोर कोण, ते आपोआप कळेल.” पुढचे तीन रविवार मी जे काही केले ते या एका सूचनेच्या आधारावर केले, आणि चारही दारांत भांडखोर वेगवेगळा निघाला.

दार उघडण्यात पहिली अडचण हँडलची असते. पुष्कळशा जुन्या गाड्यांत हँडल स्क्रूने बसवलेले नसते. त्याच्या मागच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची बारीक क्लिप असते आणि ती दातेरी दांड्याच्या खाचेत अडकलेली असते. ती दिसत नाही, त्यामुळे लोक हँडल पेचकसाने उचकटतात आणि दाराला आतून झाकणारे पॅड फाडून बसतात. यासाठीची जुनी युक्ती म्हणजे सुती चिंधी. हँडल आणि त्यामागची प्लास्टिकची चकती यांच्या फटीत चिंधीची लांब पट्टी घालायची, तिची दोन्ही टोके धरून बूटपॉलिश करणाऱ्यासारखी ती उजवीकडे-डावीकडे घासायची. कापडाचा धागा क्लिपच्या टोकांत अडकतो आणि क्लिप उडून बाहेर पडते. ‘उडून’ हा शब्द मी जपून वापरला आहे. पहिली क्लिप माझ्या कानाजवळून गेली आणि जांभ्याच्या गडग्यात कुठेतरी नाहीशी झाली. दुसऱ्या दारापासून मुलीने हँडलभोवती प्लास्टिकची पिशवी धरली. काढण्याआधी काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या दिशेला आहे, त्याचा फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे, कारण दांड्याला बारीक दाते असल्याने हँडल कोणत्याही कोनात बसू शकते आणि चुकीच्या कोनात बसले की ते गुडघ्याला लागते.

हँडलनंतर हात ठेवण्याच्या दांडीचे दोन स्क्रू आणि कुलपाच्या खटक्याची चौकट काढली. पॅडच्या कडेला प्लास्टिकची बटणे असतात. पॅडखाली रुंद, चपटी पट्टी सरकवून ती एकेक करून, बटणाच्या अगदी जवळून उचलावी लागतात; मधूनच ओढले तर बटण दारातच राहते आणि पॅडचा पुठ्ठा फाटतो. पॅडच्या मागे काळ्या चिकट पट्टीने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. हा कागद अनेक जण निरुपयोगी समजून फाडून टाकतात. पण दाराच्या आत पाणी जाणे हे गाडीच्या रचनेत गृहीतच धरलेले असते: काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी थोड्याफार प्रमाणात दाराच्या पोटात उतरते आणि तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडते. हा कागद नसला तर तेच पाणी पॅडचा पुठ्ठा भिजवते आणि पायाशी येते. मी तो एका बाजूने सोडवून वर गुंडाळून चिकटपट्टीने अडकवला.

आतली रचना पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती इतकी साधी असेल असे वाटले नव्हते. हँडलच्या दांड्यावर दाराच्या आत एक छोटे दातेरी चाक असते. ते हातपंख्याच्या आकाराच्या एका मोठ्या दातेरी पत्र्यात अडकलेले असते आणि त्या पत्र्याला लांब बाहू जोडलेला असतो. दुसरा बाहू त्याला कात्रीसारखा छेदून जातो. दोन्ही बाहूंच्या टोकांना नायलॉनच्या फिरक्या असतात. त्या फिरक्या काचेच्या खालच्या कडेला घट्ट बसवलेल्या लोखंडी पन्हळीत सरकतात, आणि कात्री उघडली की काच वर जाते. काही गाड्यांत या कात्रीऐवजी तार आणि कप्प्या असतात, पण आमची कात्रीची जात होती. पंख्याच्या मुळाशी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. काचेचे वजन बरेचसे तीच पेलते. मी हिशेब करून पाहिला: काच साधारण 70 सेंटीमीटर लांब, 42 सेंटीमीटर उंच आणि तीन मिलिमीटरहून किंचित जाड, काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, म्हणजे वजन सव्वादोन ते अडीच किलो. एवढेसे वजन, तेही स्प्रिंगच्या मदतीने उचलायला दोन्ही हातांचा जोर लागत असेल, तर तो जोर वजनाविरुद्ध लागत नसून घर्षणाविरुद्ध लागतो हे उघडच होते. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा काटा घरात होता. तो ज्या दाराचे हँडल शाबूत होते तिथे, म्हणजे माझ्या बाजूला, हँडलच्या मुठीला अडकवून ओढला, तेव्हा काच हलेपर्यंत आकडा साडेपाच किलोच्या पुढे गेला होता.

सुरुवात आईच्या, म्हणजे पुढच्या डाव्या दारापासून केली. काच अर्ध्यावर आणल्यावर दाराच्या पत्र्यातल्या मोठ्या भोकातून पन्हळ दिसते. तिथे काच थोडी मागे-पुढे सरकवली की फिरक्या पन्हळीच्या मोकळ्या टोकातून बाहेर येतात. त्याआधी रुंद कागदी टेपचे दोन पट्टे काचेच्या एका बाजूने, दाराच्या चौकटीवरून, दुसऱ्या बाजूपर्यंत लावून काच टांगून ठेवावी, नाहीतर ती आत पडते. फिरक्या सुटल्यावर मी हँडलचा दांडा पक्कडीने फिरवला आणि मशीन दोन बोटांच्या जोराने फिरली. मग टेप काढून काच नुसत्या हातांनी वर ढकलली. ती एक इंच गेली, तिरकी झाली आणि रुतून बसली. म्हणजे इथे भांडखोर काच होती, किंवा अधिक नेमके सांगायचे तर काचेला धरून ठेवणारे रबर.

काचेच्या दोन्ही उभ्या कडा आणि वरची कड ज्या रबरी खोबणीत चालतात, तिला बाजारात ‘रन चॅनल’ किंवा नुसते ‘काचेचे रबर’ म्हणतात. तिच्या आतल्या तिन्ही भिंतींवर मखमलीसारखी बारीक लव असते. काच रबरावर घासत नाही, या लवेवरून सरकते. आमच्या चॅनलमध्ये लव शिल्लकच नव्हती. तिच्या जागी तांबड्या, चिकट लापशीचा थर होता. इतकी वर्षे ओतलेले इंजिन ऑइल आणि आमच्याकडची जांभ्याची धूळ यांचे ते मिश्रण पॉलिश पेपरच्या भुकटीइतके खरखरीत झाले होते. काचेच्या कडेला उभ्या रेघा पडल्या होत्या त्या याच थराने. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे चॅनलचा खालचा पुढचा भाग, जिथे तेल ओघळून साचत असे, तिथे रबर फुगून मऊ पडले होते आणि खोबणी निम्म्याने अरुंद झाली होती. गाडीच्या दारांना वापरतात त्या जातीचे रबर ऊन-पावसाला उत्तम टिकते, पण खनिज तेलाशी त्याचे जमत नाही; ते तेल शोषते आणि सुजते. दर दिवाळीला मी हौसेने जे करत होतो त्याचा हा परिणाम होता.

चॅनल वरच्या कोपऱ्यापासून हळूहळू ओढून बाहेर काढले. कोमट पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण घालून, जुन्या टूथब्रशने आतून तीनदा धुतले. पहिल्या पाण्याचा रंग विटेसारखा होता. धुतल्यावर सावलीत वाळवले, कारण उन्हात टाकले तर रबर वळते आणि पुन्हा बसवताना कोपरा उचललेला राहतो. पण सुजलेला भाग धुऊन मूळ मापाला येणार नव्हता, त्यामुळे नवे चॅनल आणणे भाग होते. पुढच्या आठवड्यात एका कामासाठी साखरपा-आंबा घाटाने कोल्हापूरला जायचे होतेच. तिथे उद्यमनगर भागातल्या एका दुकानात मीटरवर विकले जाणारे चॅनल मिळाले. दुकानदाराने माझ्याकडचा जुना तुकडा मागितला आणि खोबणीची रुंदी व खोली जुळवून पाहिल्याशिवाय कातरी लावली नाही. गाडीच्या नावावर भरवसा ठेवून रबर नेणारे बहुतेक जण बदलून घ्यायला परत येतात, असे तो म्हणाला.

इथे एक निराशा पदरी पडली आणि ती सांगितली पाहिजे. नवे चॅनल बसवल्यावर काच जुन्यापेक्षाही घट्ट चालू लागली. पहिली शंका माझ्या बसवण्यावरच गेली आणि ती निम्मी खरी ठरली: वरच्या मागच्या कोपऱ्यात मी रबर सरळ वाकवले होते, तिथे आतल्या ओठांना खाच न दिल्याने रबराची घडी पडून काचेच्या वाटेत आली होती. आतल्या बाजूने तिरपी खाच दिली, साबणाच्या पाण्याने कोपरा पुन्हा दाबून बसवला. उरलेली घट्टता नव्या लवेची होती. त्यावर सिलिकॉनचा स्प्रे वापरला. याची नळी खोबणीत घालून पातळ थर सोडायचा, काच दहा-बारा वेळा वरखाली करायची आणि काचेवर आलेला भाग कोरड्या कापडाने पुसायचा. सिलिकॉन रबराला फुगवत नाही आणि वाळल्यावर त्यावर धूळही फारशी बसत नाही. मात्र तो उडून रंगावर किंवा समोरच्या काचेवर बसू देऊ नये. पुढच्या काचेवर त्याचा तवंग आला तर पावसात वायपर फिरूनही धूसर दिसते, आणि गाडीचा पत्रा पुढे कधी रंगवायचा झाला तर त्या जागी रंगात डोळ्यांसारखे बारीक खळगे पडतात.

खिडकीच्या तळाशी, काचेला बाहेरून आणि आतून टेकणाऱ्या दोन आडव्या पट्ट्यांकडे मी आधी लक्षच दिले नव्हते. बाहेरच्या पट्टीवर बोट फिरवले तर ते चिकटले. आमची गाडी घराच्या मागे हापूसच्या झाडाखाली उभी असते. मोहोराच्या दिवसांत झाडावर तुडतुडे पडतात आणि त्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा खाली असलेल्या प्रत्येक वस्तूवर बसतो. बागायतदारांना त्याची चांगली ओळख आहे, कारण त्यावरच पुढे काळी बुरशी चढते. गाडीचे टप आम्ही धूत होतो, पण पट्टीच्या ओठाखाली साचलेला चिकटा वर्षानुवर्षे तिथेच वाळून गोंद झाला होता आणि काच दर वेळी त्या गोंदातून ओढली जात होती. गरम पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास पट्टीवर ठेवल्यावर तो सुटला. एवढ्या एका गोष्टीने हँडलवरचा जोर किती कमी झाला याचे मला आश्चर्य वाटले, आणि गाडी दुसरीकडे उभी करायला जागा नाही याचे वाईटही.

माझ्या बाजूच्या दारात उलट प्रकार होता. काच सोडवल्यावर ती हाताने सहज सरकली आणि मशीन मात्र एकटीच असतानाही कुरकुरत फिरली. दारातल्या भोकातून ती वाकडीतिकडी करत बाहेर काढली. पंख्याच्या दात्यांवरचे मूळ ग्रीस तपकिरी होऊन मेणबत्तीच्या ओघळासारखे कडक झाले होते. ग्रीस म्हणजे एका तऱ्हेच्या साबणाने धरून ठेवलेले तेल. वर्षांनुवर्षे उन्हात तापणाऱ्या दारात तेल निघून गेले आणि मागे साबण उरला. एक फिरकी गोल राहिलीच नव्हती. ती फिरण्याऐवजी पन्हळीत घासत गेली आणि एका अंगाने सपाट झाली. पूर्वी अशा कामाला रॉकेल वापरत, पण ते आता सहज मिळत नाही. मी थोडे डिझेल आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन दाते साफ केले, कोरडे पुसले, आणि फक्त दाते, बाहूंचे सांधे व पन्हळ एवढ्याच ठिकाणी पांढरे लिथियम ग्रीस लावले. नवी फिरकी जुन्या भंगार मशीनमधून मिळाली.

मशीन हातात आल्यावर कोणालाही एक मोह होतो. छोटे दातेरी चाक ज्या पत्र्यावर बसवले आहे त्याचे रिबिट उडवून ते नीट साफ करावे, असे मलाही वाटले. मेस्त्रींनी मात्र फोनवरच दरडावले, “हात लावाल तर बोट जाईल!” ती घड्याळी कमान ताणलेली असते. छोटे चाक सुटले की पंख्याला अडवणारे काही राहत नाही आणि बाहू चाबकासारखा फिरतो. मी तो भाग न उघडता ब्रशने पोहोचेल तेवढाच साफ केला. मशीन परत बसवताना तिच्या बोल्टांची भोके लांबट असल्याचे दिसले. ती काच चौकटीत सरळ बसावी म्हणून असतात. बोल्ट सैल ठेवून काच पूर्ण वर न्यायची, ती वरच्या रबरात समांतर बसली की तिथेच बोल्ट आवळायचे. आमच्या जुन्या लाकडी कपाटाचा खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन अडकतो आणि मधोमध ओढला की सुरळीत येतो. काचेचेही तसेच आहे, एक अंश तिरकी असली तरी ती दोन्ही कडांनी रबरात रुतते. हे जुळवून झाल्यावर पुन्हा काटा लावला तेव्हा आकडा दोन किलोच्या खाली आला होता.

मागच्या डाव्या दाराने सर्वांत जास्त डोके खाल्ले. तिथे मशीनही हलकी होती आणि चॅनलही स्वच्छ, तरीही काच शेवटच्या चार इंचांत अडत होती. मागच्या दारात काचेच्या मागे छोटी स्थिर काच आणि दोहोंमध्ये उभी लोखंडी पट्टी असते. त्या पट्टीचा तळाचा स्क्रू सैल होऊन ती आत झुकली असावी अशी शंका आली. स्क्रू खरोखरच सैल होता, तो आवळला, थोडा फरक पडला, पण काम झाले नाही. शेवटी काच पूर्ण बाहेर काढून गोधडीवर आडवी ठेवली. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात. त्यांच्या मधोमध मारलेला ठोसा त्या सहन करतील, पण कडेला दगडाचा एक टोला बसला तरी अख्ख्या काचेचा चुरा होतो, म्हणून ती भिंतीला टेकवून उभी करू नये. प्रकाशात तिरपी पाहिल्यावर वरच्या आणि मागच्या कडेला बोटभर रुंदीचा पिवळट पट्टा दिसला. तो काळ्या फिल्मच्या गोंदाचा होता.

27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म लावण्यास बंदी केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आधीपासून होताच, पण त्या निकालानंतर फिल्म किती गडद आहे हा प्रश्नच उरला नाही. दंडाच्या भीतीने त्या मे महिन्यात सगळ्यांनी घाईघाईने फिल्म खरवडल्या, तशा आम्हीही. मात्र आम्ही काचेचा दिसणारा भागच साफ केला होता. रबरात लपलेल्या कडेवर फिल्मची किनार आणि तिचा गोंद तसाच राहिला, आणि नंतरच्या तेरा उन्हाळ्यांत त्याने रबराच्या लवेला घट्ट मिठी मारली. गरम साबणाचे पाणी, नवे ब्लेड आणि शेवटी सर्जिकल स्पिरिट अशा क्रमाने तो पट्टा काढायला पूर्ण दुपार गेली. काच परत बसवली तेव्हा ती शेवटपर्यंत गेली. मागच्या दारात काच पूर्ण खाली जात नाही, चाकाच्या कमानीमुळे अर्ध्याहून थोडी खाली जाऊन थांबते. तो दोष नसून रचनाच तशी आहे, हे मुलीला मला तीनदा सांगावे लागले.

चौथ्या, मागच्या उजव्या दाराबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. ते इतकी वर्षे उघडलेलेच नव्हते. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके मोहोराच्या आणि पाल्याच्या चिखलाने बंद झाली होती. तळाशी दोन बोटे पाणी उभे राहिल्याची खूण पत्र्यावर होती आणि काचेखालची पन्हळ गंजून, फुगून, फिरकीला आवळून बसली होती. पन्हळीतून काच सुटून तिरकीही झाली होती. तिथे साफसफाईला अर्थ नव्हता. कोल्हापूरहून येताना भंगारातून आणलेली मशीन आणि पन्हळ लावली, नवे रबर घालून काच पन्हळीत लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून बसवली, सगळी भोके तारेने मोकळी केली आणि आतून गंजरोधक रंगाचा हात दिला. बाकीच्या तीन दारांची भोकेही त्याच वेळी साफ केली. आता दर महिन्याला गाडी धुताना दाराखाली बारीक काडी फिरवतो.

पॅड बसवताना एक चूक मी दोनदा केली. हँडलची क्लिप आधी दांड्यावर चढवून मग हँडल ढकलण्याचा प्रयत्न करायचा नसतो. क्लिप हँडलच्या मागच्या खाचेतच बसवून ठेवावी आणि हँडल दांड्यावर सरळ दाबावे. ‘टक्’ असा आवाज आला की ती आपोआप खाचेत जाते. नवे हँडल, हरवलेल्या क्लिपा, तुटलेली बटणे, चॅनल, स्प्रे, ग्रीस आणि भंगारातली मशीन मिळून सगळा खर्च दोन हजार रुपयांच्या थोडा वर गेला, आणि वेळ तीन रविवार अधिक दोन संध्याकाळ.

जूनमध्ये पाऊस लागला. पहिल्याच जोरदार सरीत आईने तिच्या बाजूची काच एका हाताने, मला हाक न मारता, वर केली. साडेचार फेऱ्या, मी मोजल्या. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा पालीला सोडायला निघालो. घरून निघताना काच पूर्ण बंद होती आणि हातखंब्याला पोहोचेपर्यंत ती दोन बोटे खाली आली होती. मला वाटले तिनेच उघडली. परतताना मी लक्ष ठेवले: खड्ड्यातून गाडी गेली की काच केसभर उतरत होती आणि हँडल आपोआप तितकेच फिरत होते.

संध्याकाळी मेस्त्रींना सांगितले तेव्हा ते हसले. हँडलच्या दांड्याजवळ एका छोट्या डबीत गुंडाळलेली स्प्रिंग असते. हँडल फिरवले तर ती सैल होते आणि काच हलते, पण काचेने उलट जोर लावला तर ती डबीला आवळून बसते आणि हँडल फिरू देत नाही. आईच्या दारातली ती स्प्रिंग केव्हाच झिजलेली होती. मी तेल ओतून सुजवलेले रबर इतकी वर्षे तिचे काम करत होते, आणि ते बदलल्यावर काचेला धरणारे कोणीच उरले नाही. ती स्प्रिंग सुटी मिळत नाही, त्यामुळे अख्खी मशीन बदलावी लागेल. तोपर्यंत हँडल आणि पॅड यांच्यामध्ये रबराची एक जाड चकती घालून मी तात्पुरता अटकाव केला आहे, आणि काच आता हातखंब्यापर्यंत एकच बोट उतरते. उद्यमनगरच्या दुकानदाराला डाव्या बाजूच्या मशीनसाठी सांगून ठेवले आहे. आईला हे सारे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “उतरू दे की. आता वर करायला मला येतंय.”